गाण्यात दडलेले, गाण्यावर लादलेले

गेल्या अंकात १९६० आणि १९७० च्या दशकांतील इंग्रजी रॉक संगीतावर लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : या गाण्यांच्या शब्दांमागे म्हणे दुसराच काही अर्थ दडलेला असतो, तो खरा किती आणि लोकांनी चिकटवलेला किती? त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. गाण्यांच्या ओळी जशाच्या तशा न देता त्यांचा आशय सांगितला आहे.

प्रश्न : आमच्या वेळी कॉलेजच्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये कोणीतरी गिटार घेऊन ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ म्हणत असे आणि आम्ही सारे माना डोलावत असू. आता मुलगा सांगतो की ते सैतानाच्या उपासकांचे गाणे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका संदेशात ते मनोरुग्णालयाविषयी असल्याचे लिहिले होते, आणि मेक्सिकोला जाऊन आलेले एक नातेवाईक तर ते हॉटेल प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगतात. खरे काय समजावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : या तिन्ही कथा जुन्या आहेत आणि तिन्ही टिकत नाहीत, मात्र त्या जन्मल्या कशा हे पाहण्यासारखे आहे. अँटन लावे नावाच्या गृहस्थाने १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ‘चर्च ऑफ सेटन’ स्थापन केले आणि त्याचे घर ज्या रस्त्यावर होते त्या रस्त्याचे नाव कॅलिफोर्निया स्ट्रीट. हे गाणे ज्यांचे त्या ईगल्स या अमेरिकन बँडच्या अल्बमच्या आतल्या छायाचित्रात वरच्या सज्जात एक अंधूक आकृती दिसते. ती लावेचीच, असे कोणीतरी ठरवले आणि सुतावरून स्वर्ग गाठला. गाण्यात एका सालाचा उल्लेख येतो तो १९६९ चा, १९६६ चा नाही, हे कोणी पाहिले नाही. मनोरुग्णालयाची कथा लॉस एंजलिसजवळच्या कॅमारिओ येथील सरकारी रुग्णालयाची आहे. तेथे घंटेचा मनोरा होता आणि गाण्यातही घंटा वाजते, एवढाच काय तो दुवा. ते रुग्णालय १९९७ मध्ये बंद झाले आणि त्या इमारतींत आज विद्यापीठ आहे. आपल्या नातेवाइकांनी पाहिलेले हॉटेल मेक्सिकोतील टोडोस सांतोस या गावातले असणार. गाण्याशी आपला संबंध असल्याची समजूत ते पसरवत आहे, असा आक्षेप घेऊन ईगल्सनी २०१७ मध्ये त्याच्यावर दावा लावला आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. अल्बमच्या मुखपृष्ठावर दिसणारी इमारत बेव्हर्ली हिल्स हॉटेलची आहे, आणि गाणे तिच्याविषयीही नाही.

आता गाणे कसे तयार झाले ते पाहू, कारण अर्थाचा माग काढायचा तर तेथूनच काढावा लागतो. डॉन फेल्डर या गिटारवादकाने मलिबूच्या समुद्रकिनाऱ्यावरील भाड्याच्या घरात आधी नुसती चाल बांधली. तिला रेगे या जमैकातील संगीतप्रकाराची लय होती, म्हणून बँडमध्ये तिचे कामचलाऊ नाव ‘मेक्सिकन रेगे’ असे पडले. शब्द नंतर डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय यांनी लिहिले. हेन्ली टेक्सासचा, फ्राय डेट्रॉइटचा, फेल्डर फ्लोरिडाचा. त्या वेळच्या बँडमधील एकही जण मूळचा कॅलिफोर्नियाचा नव्हता. फेल्डरने सांगितले आहे की सारेच जण केव्हा ना केव्हा रात्रीच्या वेळी वाळवंटातून गाडी हाकत लॉस एंजलिसमध्ये शिरले होते आणि शहराचा उजेड त्यांना दुरूनच आकाशात दिसला होता. गाण्याचे पहिले कडवे नेमके हेच सांगते : अंधारा वाळवंटी रस्ता, केसांतून जाणारा गार वारा, लांबवर लुकलुकणारा दिवा आणि दारात उभी असलेली स्त्री. पाहुणा आत जातो. तेथे ऐश्वर्य आहे, नाच आहे, मेजवानी आहे, आणि बाहेर पडण्याची वाट मात्र नाही. डिसेंबर १९७६ मध्ये हा अल्बम आला तेव्हा हे तरुण अमाप पैसा, कोकेन आणि प्रसिद्धी यांच्या मध्यावर बसलेले होते. हेन्लीने पुढे अनेकदा सांगितले की हा निरागसतेकडून अनुभवाकडे झालेला प्रवास आहे, आणि त्यात अमेरिकेच्या उधळपट्टीवर भाष्य आहे.

मला स्वतःला वाटते की हेन्लीने हे सांगितले नसते तरी चालले असते. येथे आपण सारे आपल्याच करणीने कैदी झालो आहोत, असे त्या गाण्यातील स्त्री स्वच्छ शब्दांत म्हणते. लोक शेवटच्या ओळीतील पहारेकऱ्यावर इतके लुब्ध असतात की ही ओळ कानांवरून निघून जाते. खरोखर दडलेली अशी गोष्ट या गाण्यात माझ्या माहितीत एकच आहे, आणि ती थट्टेची आहे. ‘स्टीली डॅन’ या बँडने १९७६ मध्येच एका गाण्यात नवराबायकोच्या भांडणाचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ईगल्सची रेकॉर्ड मोठ्याने लावायला सांगितले होते. ईगल्सनी त्याची परतफेड म्हणून पशूवर चालवल्या जाणाऱ्या सुऱ्यांना ‘स्टीली’ हे विशेषण बहाल केले. दोन्ही बँडचा व्यवस्थापक एकच होता, हे कळले की ही चेष्टा किती घरगुती होती ते ध्यानात येते. सैतान शोधणाऱ्यांना नेमके हे सापडले नाही.

प्रश्न : ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ या बीटल्सच्या गाण्यातील मुख्य शब्दांची आद्याक्षरे जुळवली की एलएसडी हे मादक द्रव्याचे नाव होते. जॉन लेननने हे आयुष्यभर नाकारले, पण पॉल मॅकार्टनीने पुढे मान्य केले असे वाचले. दोघेही त्याच बँडचे. मग विश्वास कोणावर ठेवावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोघांवरही ठेवता येतो, कारण दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. शीर्षक कोठून आले, हा एक प्रश्न. आणि गाण्यातील अनुभव कशाचा आहे, हा दुसरा. या विषयावरील निम्मे वाद हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्याने होतात.

शीर्षकाविषयी लेननची हकिगत अशी. त्याचा मुलगा ज्युलियन तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. त्याने बालवाडीतून एक चित्र आणले, त्यात त्याच्या वर्गातली लूसी नावाची मुलगी आकाशात हिऱ्यांमध्ये होती, आणि हे काय आहे असे विचारल्यावर त्याने जे सांगितले तेच शीर्षक झाले. चित्र दाखवले गेले तेव्हा आपण तेथे होतो, असे रिंगो स्टारनेही सांगितले आहे. याच्या बाजूने एक युक्तिवाद मला फार वजनदार वाटतो. लेनन मादक द्रव्यांविषयी लाजणारा किंवा लपवणारा माणूस नव्हता. १९६६ मधील ‘शी सेड शी सेड’ हे गाणे एलएसडी घेतलेल्या अवस्थेत पीटर फोंडा या अभिनेत्याच्या तोंडून ऐकलेल्या वाक्यावरून सुचले, हे त्याने बिनदिक्कत सांगितले. ज्याने ते सांगितले त्याला ‘लूसी’च्याच बाबतीत खोटे बोलण्याचे कारण काय असावे?

आतील प्रतिमांविषयीही त्याने उगम दिला आहे. लुईस कॅरल यांच्या आरशापलीकडच्या ॲलिसच्या कथेत, म्हणजे १८७१ च्या दुसऱ्या पुस्तकात, पांढरी राणी बघता बघता दुकान चालवणारी मेंढी होते, दुकानाची नाव होते, ॲलिस वल्हवू लागते, आणि तिने विकत घेतलेले अंडे पुढे हम्प्टी डम्प्टी होते. गाण्याची सुरुवात श्रोत्याला नदीवरच्या नावेत बसवूनच होते. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यास लेननचे म्हणणे पटण्यास अडचण पडत नाही.

मॅकार्टनी २००४ मध्ये जे म्हणाला त्याचा आशय असा की त्या काळच्या आमच्या गाण्यांत एलएसडीचा प्रभाव होता आणि ‘लूसी’च्या बाबतीत तो उघड आहे. तेही खरे आहे. ज्या १९६७ मध्ये हा अल्बम आला, त्याच वर्षीच्या जूनमध्ये आपण एलएसडी घेतल्याचे त्याने दूरचित्रवाणीवर सांगून टाकले होते. मुलाच्या चित्राला बापाच्या डोळ्यांतले रंग लागले, असे म्हणता येईल; पण आद्याक्षरांची ती गुप्त लिपी मात्र श्रोत्यांनी बनवली. बीबीसीने मे १९६७ मध्ये याच अल्बममधील ‘अ डे इन द लाइफ’ हे गाणे मादक द्रव्यांना उत्तेजन देते या कारणाने वाजवण्यास नकार दिला होता. तेव्हा संशयाची हवा आधीपासूनच होती आणि आद्याक्षरे त्या हवेत सापडली. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, १९७४ मध्ये इथिओपियात सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा मानवपूर्वजाचा सांगाडा सापडला, तेव्हा उत्खननाच्या तळावर हेच गाणे पुन्हा पुन्हा वाजत होते आणि त्या सांगाड्याचे नाव लूसी पडले. एका चिमुरड्याच्या चित्रकलेचा प्रवास कोठवर गेला पाहा.

कवीचे सांगणे अंतिम मानावे का, हा आपल्या पत्रातील उपप्रश्न. ते साक्षीदाराचे सांगणे आहे. वजनदार, पण तपासून घेण्याजोगे. मॅकार्टनीने १९६८ मध्ये ‘हे ज्यूड’ लिहिले ते आईवडिलांच्या विभक्त होण्याने दुखावलेल्या याच ज्युलियनची समजूत घालण्यासाठी. लेननला मात्र ते नेहमी आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटे : मित्र आपल्याला नव्या स्त्रीकडे जाण्याची मोकळीक देत आहे, अशा अर्थाने त्याने ते ऐकले. मॅकार्टनीचे म्हणणे उगमाच्या बाबतीत निर्णायक आहे. लेननने ऐकलेला अर्थ शब्दांत बसतो, म्हणून तोही टाकाऊ ठरत नाही.

प्रश्न : ही गाणी मी चाळीस वर्षे ऐकते, पण अर्थाचे सोडा, शब्दच नीट कळत नाहीत. इंटरनेटवर एकाच गाण्याचे तीन-तीन पाठ मिळतात. माझे इंग्रजी कच्चे, की त्यांचे उच्चार?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपले इंग्रजी कच्चे असेल तर अमेरिकेच्या गुप्तचर खात्याचेही कच्चे म्हणावे लागेल. ‘लुई लुई’ हे गाणे रिचर्ड बेरी यांनी १९५५ मध्ये लिहिले. एक खलाशी गुत्त्यावरच्या लुई नावाच्या माणसाला आपल्या दूरच्या प्रेयसीविषयी सांगतो आहे, एवढीच त्याची कथा. जमैकाच्या खलाशाची बोली आणि तीन कडवी. एप्रिल १९६३ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंडच्या ‘किंग्जमेन’ या पोरगेल्या बँडने ते पुन्हा मुद्रित केले. मायक्रोफोन वर छताला टांगलेला, त्यामुळे गायक मान वर करून ओरडतो आहे, दातांना तारा लावलेल्या आहेत आणि भोवताली सारी वाद्ये दणाणत आहेत. त्या मुद्रणात शब्द म्हणून जे उरले त्याला शब्द म्हणणे ही उदारता ठरेल.

मग व्हायचे तेच झाले. शाळा-कॉलेजच्या मुलांनी त्यात आपापले अश्लील शब्द ऐकले, त्यांचे कागद हातोहात फिरले, ते पालकांच्या हाती पडले, आणि १९६४ च्या आरंभी एका पालकाने थेट ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिले. इंडियाना राज्याच्या गव्हर्नरांनी हे गाणे वाजवू नये असे रेडिओ केंद्रांना सांगितले. एफबीआयने चौकशी उघडली, प्रयोगशाळेत ती रेकॉर्ड निरनिराळ्या गतींवर फिरवून ऐकली, आणि अखेर निष्कर्ष काढला की कोणत्याही गतीवर शब्द कळत नाहीत, म्हणून अश्लीलतेचा ठपका ठेवता येत नाही. मूळ शब्द सभ्य होते आणि उपलब्धही होते. पण संशयी कानाने ‘ध’चा ‘मा’ केला होता. यातली खरी गंमत पुढेच आहे. गाणे सुरू झाल्यावर मिनिटभराच्या आत ड्रम वाजवणाऱ्याच्या हातून काठी चुकते आणि तो मागे एक कचकचीत शिवी हासडतो. ती रेकॉर्डमध्ये राहून गेली आहे आणि नीट कान दिल्यास आजही ऐकू येते. एवढ्या चौकशीत ती कोणाच्या लक्षात आली नाही.

तेव्हा आपण मन लहान करू नये. ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’च्या ‘बॅड मून रायझिंग’मधील अशुभ चंद्रोदयाच्या जागी लाखो अमेरिकनांना उजव्या हाताला न्हाणीघर आहे असे ऐकू येत असे, गायक जॉन फोगर्टी शेवटी कार्यक्रमांत मुद्दाम तसेच म्हणू लागला. इंटरनेटवरील पाठांपैकी अल्बमच्या वेष्टणावर छापलेला असेल तो आधी पाहावा; बाकीचे बहुतेक कोणीतरी ऐकून उतरवलेले असतात.

प्रश्न : माझ्या भाच्याने मोबाइलवरील ॲपवर ‘स्टेअरवे टू हेवन’ उलटे वाजवून दाखवले. सैतानाचे नाव मला स्पष्ट ऐकू आले आणि खरे सांगायचे तर अंगावर काटा आला. असे संदेश मुलांच्या मनावर परिणाम करतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाच्याने गाणे वाजवण्याआधी काय ऐकू येणार आहे ते सांगितले होते का, हे आठवून पाहावे. बहुधा सांगितले असणार, आणि सारे रहस्य तेथेच आहे. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाच्या जॉन व्होकी आणि डॉन रीड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. उलटे वाजवलेले उतारे ऐकून विद्यार्थ्यांनी ते बालगीत, ख्रिस्ती, सैतानी, अश्लील आणि जाहिरात अशा पाच गटांत लावायचे होते. निकाल चिठ्ठ्या टाकल्यासारखा आला, म्हणजे साधारण पाचांत एक बरोबर. बोलणारा पुरुष की स्त्री हे त्यांना कळत होते, अर्थ मात्र मुळीच कळत नव्हता. पण अमुक वाक्य आहे, ऐका, असे आधी सांगितल्यावर तेच वाक्य त्यांना त्याच आवाजात ऐकू येऊ लागले. आपला भाचा पुढच्या वेळी आला की त्याला आपणास ठाऊक नसलेले एखादे गाणे उलटे वाजवायला सांगा आणि काहीही आधी बोलू देऊ नका.

हे प्रकरण एकेकाळी फार तापले होते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या समितीपुढे हेच गाणे उलटे वाजवण्यात आले. १९९० मध्ये नेवाडातील रीनो येथे ‘जूडस प्रीस्ट’ या बँडवर खटला चालला. १९८५ मध्ये दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. एक जागीच गेला आणि दुसरा अतिशय विद्रूप होऊन काही वर्षे जगला. बँडच्या एका गाण्यात, ‘करून टाक’ अशा अर्थाचा छुपा आदेश आहे, असा त्यांच्या कुटुंबीयांचा आरोप होता. गायक रॉब हॅलफर्डने आपल्याच ओळी न्यायालयात उलट्या वाजवून दाखवल्या. त्यातून निघालेल्या वाक्यांपैकी एकात कोणीतरी आईकडे आपली खुर्ची मोडल्याची तक्रार करत होते. तथाकथित आदेश म्हणजे गायकाचा सोडलेला श्वास आणि वेगळ्या पट्टीवर मुद्रित झालेली गिटार यांचा योगायोगाने झालेला मेळ आहे, असे न्यायाधीशांनी मानले आणि दावा फेटाळला.

उलटे मुद्रण कोणी करतच नाही असे मात्र नाही. बीटल्सनी १९६६ मध्ये ‘रेन’ या गाण्याच्या शेवटी गायलेली ओळ उलटी फिरवून घातली, ती नादासाठी. पिंक फ्लॉइडच्या १९७९ च्या ‘द वॉल’मध्ये एक उलटा निरोप आहे, आणि सुलटा केल्यास तो गुप्त संदेश शोधून काढल्याबद्दल श्रोत्याचे अभिनंदन करतो.

आपली मुलांविषयीची काळजी मी हसण्यावारी नेत नाही, कारण अर्थ लावण्याच्या नादातून अनर्थ झाल्याचे उदाहरण खरोखर आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये बीटल्सचा पांढऱ्या वेष्टणाचा दुहेरी अल्बम आला. त्यातील गाण्यांत आपल्यासाठी भविष्यवाणी आहे, काळ्या-गोऱ्यांचे युद्ध होणार आहे, असे चार्ल्स मॅन्सनने आपल्या अनुयायांच्या मनावर बिंबवले. ‘हेल्टर स्केल्टर’ म्हणजे ब्रिटनच्या जत्रेतली मनोऱ्याभोवती गोल फिरत उतरणारी घसरगुंडी. मॅकार्टनीने ते गाणे लिहिले ते ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडने आपल्या गाण्याच्या दणदणाटाची बढाई मारली म्हणून, त्याहून दणदणीत काही करण्याच्या ईर्षेने. ऑगस्ट १९६९ च्या दोन रात्रींत लॉस एंजलिस येथे मॅन्सनच्या अनुयायांच्या हातून सात माणसांचे खून पडले आणि दुसऱ्या घरातील फ्रिजवर तेच शब्द चुकीच्या स्पेलिंगने रक्ताने लिहिलेले सापडले. गाण्यात खुनाचा मागमूस नाही. ते शब्द ज्याच्या तोंडून त्या तरुण-तरुणींनी ऐकले त्याने त्यांना आधीच घरादारापासून तोडून आपल्या अंकित करून ठेवले होते. मुलांच्या कानात कोणते गाणे आहे यापेक्षा त्याचा अर्थ त्यांना कोण सांगतो आहे, याची चौकशी अधिक उपयोगाची ठरेल.

प्रश्न : गिटार शिकणारा प्रत्येक मुलगा पहिल्यांदा ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवतो. धूर आणि पाणी म्हणजे गांजाची चिलीम, असे आमच्या क्लासमध्ये सांगतात. खरे आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कोणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याची ज्वाला सोडणारी पिस्तूल, झाडली, कॅसिनोला आग लागली, आणि जिनिव्हा सरोवरावर धूर पसरला. मुद्रणासाठी तेथे आलेल्या डीप पर्पल या बँडने जे पाहिले तेच या गाण्यात लिहिले. मुलांना बाहेर काढणारे म्हणून गाण्यात ज्यांचे नाव येते ते क्लॉड नोब्स तेथील जाझ महोत्सवाचे संचालक होते. हे शीर्षक मादक द्रव्याचे वाटेल अशी शंका बँडमध्येच निघाली होती, ती खरी ठरली. बातमीसारखे सरळ गाणे आहे.

प्रश्न : येथे चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आतषबाजीत दर वर्षी ‘बॉर्न इन द यूएसए’ वाजते आणि सारे जण, आम्ही मराठी मंडळीही, मुठी उंचावून म्हणतो. माझी येथे वाढलेली मुलगी म्हणते की हे देशभक्तीचे गाणे नाही. मग इतकी वर्षे हे आम्हाला कोणी सांगितले कसे नाही?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : गाण्याने सांगितले आहे, आणि तेही पहिल्या ओळीपासून. ब्रूस स्प्रिंगस्टीन आपल्याच राज्याचा, फ्रीहोल्ड गावात वाढलेला. त्याच्या गाण्यातला माणूस मरगळलेल्या गावात जन्मतो, लाथा खात वाढतो, गावात काही भानगड करतो, आणि त्याच्या हाती बंदूक देऊन त्याला व्हिएतनामला पाठवले जाते. परत येतो तेव्हा तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरी नाही आणि माजी सैनिकांच्या कार्यालयातही कोणी दाद देत नाही. त्याचा भाऊ खे सान येथे लढला. भावाची सायगावमध्ये प्रेयसी होती; तिच्या मिठीतला त्याचा एक फोटो तेवढा उरला आहे, भाऊ उरलेला नाही. शेवटी हा माणूस तुरुंगाच्या सावलीत उभा आहे आणि त्याला जायला जागा नाही. त्यानंतर येणारे धृपद, मी या देशात जन्मलो, हे अभिमानाचे आहे की जाब विचारणारे, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या कानांना त्यात दोन्ही ऐकू येते, आणि म्हणूनच ते इतके जळजळीत आहे.

घोटाळा झाला तो संगीतामुळे. जानेवारी १९८२ मध्ये स्प्रिंगस्टीनने हे गाणे घरी एकट्याने गिटारवर म्हटले होते. तो पाठ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलीसोबत तो अवश्य ऐकावा. ऐकणाऱ्याला त्यावर मूठ उंचावण्याची इच्छा होणार नाही. १९८४ च्या अल्बमवर मात्र ड्रम तोफेसारखे वाजतात आणि कडव्यांतले दुःख त्याखाली दबते. त्या वर्षी निवडणूक होती. सप्टेंबरमध्ये स्तंभलेखक जॉर्ज विल यांनी या गाण्यात आनंदी देशाभिमान ऐकला, आणि काही दिवसांतच, १९ सप्टेंबरला, अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आपल्याच राज्यातील हॅमंटन येथील सभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतील आशेच्या संदेशाचा गौरव केला. लगेच पिट्सबर्गच्या कार्यक्रमात स्प्रिंगस्टीनने अध्यक्षांना आपला कोणता अल्बम आवडत असावा याविषयी जाहीर कुतूहल व्यक्त केले आणि कारखाना बंद पडल्याने बेकार होऊन खुनी बनलेल्या माणसाचे गाणे म्हटले.

‘पोलिस’ बँडचे १९८३ चे ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ याच जातीचे. दुरावलेल्या स्त्रीच्या प्रत्येक पावलावर नजर ठेवणाऱ्या मत्सरी माणसाचे ते शब्द आहेत. पण चाल इतकी गोड की लोक लग्नात वाजवतात. तसे सांगणाऱ्या एका जोडप्याला बँडचा गायक स्टिंग याने शुभेच्छा दिल्या म्हणे. आपल्या मुलीने ते गाणे लग्नासाठी निवडले तर तेव्हा आपण तिला सांगावे, म्हणजे फिटंफाट होईल.

प्रश्न : मी शाळेत इंग्रजी शिकवतो. आमच्या जवळच पाचगणीला फ्रेडी मर्क्युरी शिकला, म्हणून मुलांना ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’विषयी ओढ वाटते. त्यातील ‘बिस्मिल्ला’ हा शब्द त्याच्या येथील दिवसांतून आला असेल का? आणि अशी गाणी वर्गात अर्थासह शिकवावीत का?
— एक वाचक, वाई

उत्तर : फ्रेडी, म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तेथे पियानो शिकला आणि ‘हेक्टिक्स’ नावाच्या शालेय बँडमध्ये वाजवू लागला, एवढे निश्चित. त्याचा जन्म १९४६ चा, झांझिबारचा. घर पारशी, भोवतालची वस्ती बहुतांशी मुसलमान. तो शब्द त्याच्या कानांवर दोन्हीकडे पडला असणार, पण गाण्यात तो कोठून आला हे त्यावरून सिद्ध होत नाही. फ्रेडीने या गाण्याचा अर्थ कधीच फोडून सांगितला नाही. त्यामुळे प्रत्येकाने आपापला लावला : कोणाला त्यात आपली लैंगिक ओळख स्वीकारणाऱ्या माणसाची कबुली दिसते, तर इराणमध्ये २००४ मध्ये फ्रेडीच्या ‘क्वीन’ या बँडची कॅसेट अधिकृतपणे विक्रीस आली तेव्हा सोबतच्या पत्रकात असे समजावले होते की एका तरुणाच्या हातून चुकून खून झाला आहे, त्याने आत्मा सैतानाला विकला आहे, आणि फाशीच्या आदल्या रात्री तो ‘बिस्मिल्ला’ म्हणून देवाला हाक मारून आत्मा परत मिळवतो. २०२३ मध्ये लंडनमधील लिलावात या गाण्याचे हस्तलिखित कच्चे खर्डे आले. विमान कंपनीच्या कागदांवर लिहिलेले. त्यांत आधी ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे लिहून पहिला शब्द खोडलेला आहे. ‘बोहेमियन’ या शब्दावर ज्यांनी पानेच्या पाने लिहिली त्यांनी त्या खोडीकडे एकदा पाहावे.

वर्गात शिकवण्याविषयी एक जुनी हकिगत ध्यानात ठेवावी. १९६७ मध्ये लिव्हरपूलच्या क्वॉरी बँक या लेननच्या जुन्या शाळेतून एका मुलाचे पत्र त्याला आले : आमचे शिक्षक वर्गात बीटल्सच्या गाण्यांचे अर्थ लावायला सांगतात. ज्या शाळेने आपल्याला वाया गेलेला ठरवले तेथे आता आपल्या शब्दांचा कीस काढला जातो, याची लेननला एवढी मौज वाटली की त्याने लहानपणची घाणेरडी बडबडगीते आठवून, नाना असंबद्ध प्रतिमा एकत्र करून ‘आय ॲम द वॉलरस’ लिहिले आणि आता यांना हे सोडवू दे म्हणाला. गाण्याचे अंतिम मिश्रण चालू असताना रेडिओवर ‘किंग लिअर’ लागले होते. तेही त्यात जसेच्या तसे सोडले. त्यात मरणाऱ्या पात्राचे अकाली मृत्यूविषयीचे उद्गार आहेत. दोन वर्षांनी पॉल मॅकार्टनी मेला असून त्याच्या जागी तोतया आहे अशी आवई अमेरिकेत उठली, तेव्हा योगायोगाने पकडलेले हे उद्गार पुरावा म्हणून पुढे आले. मिशिगन विद्यापीठाच्या दैनिकात एका विद्यार्थ्याने ऑक्टोबर १९६९ मध्ये असे कित्येक पुरावे चक्क मनाने रचून छापले आणि तेही लोकांनी खरे मानले. ‘ॲबी रोड’च्या मुखपृष्ठावरील मोटारीच्या क्रमांकात २८ हा आकडा आहे, म्हणजे पॉल जिवंत असता तर २८ वर्षांचा असता, असे सांगितले जाई, पॉल तेव्हा २७ वर्षांचा होता, आणि जिवंत होता.

म्हणून वर्गात आपण ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ मुलांना मनसोक्त गाऊ द्यावी, आणि अर्थाच्या तासाला ‘बॉर्न इन द यूएसए’ घ्यावे. आधी शब्दांचा कागद न देता अल्बममधील पाठ ऐकवावा आणि हे गाणे कशाविषयी आहे ते प्रत्येकाला दोन ओळींत लिहायला सांगावे. मग कागद वाटून एकट्या गिटारवरचा पाठ ऐकवावा आणि पुन्हा लिहायला सांगावे. नकाशात खे सान शोधायला लावावे. मुलांची दोन्ही वेळची उत्तरे आमच्याकडे पाठवल्यास त्यांतील काही या सदरात छापू.